मागाचा खड्डा आणि साबणाचं पाणी

सोलापुरात अशोक चौकापासून आत, पूर्व भागातल्या एका जुन्या मागांच्या शेडमध्ये माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय आहे. तीन भट्ट्या, त्यावर तीन मोठे तवे, शेंगदाणे भाजायची एक कढई आणि माझ्यासह दहा बायका. भोगी आणि संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही पहाटे चारला भट्ट्या पेटवतो. गड्ड्याच्या यात्रेला आलेली माणसं परत जाताना भाकरीची पाकिटं घेऊन जातात, आणि पुण्या-मुंबईच्या ऑर्डरही त्याच दिवसांत येतात. आज लिहायचं कारण मात्र गॅसची तपासणी. गेल्या जानेवारीत आमच्याकडे जे घडलं ते मी आजवर गल्लीत तोंडी सांगत आले. आता नीट लिहून ठेवते, कारण आपल्या शहरात खानावळी, भजी-वड्याचे गाडे, केटरिंगवाले आणि माझ्यासारख्या भाकरीवाल्या बायका किती आहेत हे मला माहीत आहे.

त्याआधी डिसेंबरात मी तपासणी करून घेतली होती. एका मोठ्या दुकानाला माल द्यायचा होता आणि त्यांनी गॅस जोडणीच्या तपासणीचा कागद मागितला. ओळखीतून एक माणूस आला. दारात उभं राहून त्यानं भट्ट्या पाहिल्या, बाहेरच्या टाक्या पाहिल्या, मोबाइलवर दोन फोटो काढले, छापील कागदावर नऊ ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या, पैसे घेतले आणि गेला. चहा उकळायच्या आत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फूड लायसन्सशेजारी भिंतीला लावला. तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. कागद लागला म्हणजे काम झालं, असंच मी समजत होते.

तीन आठवड्यांनी, भोगीच्या चार दिवस आधी, पहाटे मावशी माझ्या घराचं दार वाजवायला आल्या. मावशी आमच्याकडे सगळ्यांत जुन्या, शेडची किल्ली त्यांच्याकडेच असते. म्हणाल्या, "अक्का, मी शटर अर्धंच उचलले. वास येलालाय. दिवा लावले नाही." मी चप्पल न घालताच धावले. मावशींनी बटणाला हात लावला नव्हता, मोबाइलचा उजेडही पाडला नव्हता, आणि मागून आलेल्या दोघींना त्यांनी कोपऱ्यावरच थांबवून ठेवलं होतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं चुलीपुढं काढलेल्या बाईची ती समज होती.

टाक्या शेडच्या बाहेर, बोळात जाळीच्या कपाटात आहेत. तिथला मुख्य कॉक उघडा होता. आदल्या रात्री शेवटी निघालेल्या मुलीनं भट्ट्यांचे नॉब बंद केले होते, बाहेरचा कॉक राहून गेला. म्हणजे रात्रभर आतल्या नळ्यांत दाबाखाली गॅस होता. मी कॉक बंद केला. मीटरची पेटी गल्लीच्या बाजूला, शेडपासून लांब आहे, तिथून मेन स्विच खाली ओढला. आत एक छोटा फ्रीज आहे, आणि तो आपोआप चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते, हे मला त्या क्षणी आठवलं याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. मग शटर पूर्ण वर, मागचं दार उघडं, आणि सगळ्यांना घेऊन चौकापर्यंत लांब गेले. तिथून १९०६ ला फोन लावला. गॅस गळतीसाठीचा हा नंबर चोवीस तास चालतो आणि सगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना चालतो. तो भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइलमध्येही ठेवा. भिंत आत असते आणि तुम्ही बाहेर उभे असता.

मागच्या दाराबद्दल एक सांगायचं राहिलं. ते दार उघडायला मला ज्वारीची तीन पोती बाजूला ओढावी लागली. गॅस भरलेल्या शेडच्या आत जाऊन. ते मी करायला नको होतं, पण तेव्हा डोकं चालत नव्हतं. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली, ती बातमी ऐकून आम्ही सगळ्या दिवसभर सुन्न होतो. तरी आठ महिन्यांनी माझ्याच दुसऱ्या दारापुढे पोती होती. आता त्या दारापुढे जमिनीवर पिवळ्या रंगाचा चौकोन मारलाय आणि त्यात झाडूसुद्धा ठेवू देत नाही.

मेकॅनिक उजाडायच्या सुमारास आला. तोवर वास जवळजवळ गेला होता आणि बायका म्हणत होत्या, आता लावू या भट्ट्या, ऑर्डर पडलीय. त्यानं कुणाचं ऐकलं नाही. हातातलं गॅस ओळखायचं छोटं यंत्र घेऊन तो जमिनीलगत फिरायला लागला. भट्ट्यांपाशी यंत्र गप्प. मोरीपाशी थोडं वाजलं. आणि कोपऱ्यात, जिथं आम्ही कांद्या-लसणाची पोती ठेवतो, तिथं ते थांबेचना. पोती हलवली, खालची शहाबादी फरशी कटावणीनं उचलली, आणि खाली खड्डा.

सोलापूरच्या माणसाला हा खड्डा काय ते लगेच कळेल. पूर्वी हातमागाचा विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि पायानं पावड्या दाबायचा. आमच्या मालकांच्या घरी तेलुगू बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या विणकाम. पुढे यंत्रमाग आले, मग तेही विकले गेले, शेड भाड्यानं दिलं, आणि खड्ड्यावर फरशी टाकली गेली. ती फरशी थोडी हलते हे मला ठाऊक होतं, पण खाली कमरेएवढी पोकळी आहे हे माहीत नव्हतं.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दुप्पट. हे वाक्य मी पूर्वीही ऐकलं होतं. पण जड असतो म्हणजे काय करतो, ते मला त्या दिवशी समजलं. तो पाण्यासारखा वागतो. उतार शोधतो, मोरीत शिरतो, पायरीवरून खाली उतरतो, आणि खड्डा मिळाला की त्यात साचून राहतो. आम्ही वर दारं उघडून हवा खेळवत होतो, आणि तो खाली तसाच बसला होता. हवेत साधारण २ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत गॅस मिसळलेला असला की एक ठिणगी पुरते. टाकीतला द्रव बाहेर पडला की त्याचा अडीचशे पट वायू होतो, म्हणजे गळती अगदी बारीक असली तरी रात्र खूप मोठी असते. त्या माणसानं आधी आणखी दोन फरशा काढल्या, आणि आम्ही रिकाम्या गोणपाटांनी बाहेरच्या दिशेनं वारा घालत राहिलो. पंखा लावायचा नव्हता. यंत्र गप्प व्हायला दुपारचे बारा वाजले.

गळती होती मधल्या भट्टीच्या नळीला, अगदी जोडापाशी, खालच्या अंगाला. रबर तिथं वाकलं होतं आणि उष्णतेनं कडक होऊन चिरलं होतं. वरून पाहिलं तर नळी नवी वाटायची. वाकून, हात फिरवून बघितलं असतं तर डिसेंबरातच ती चीर सापडली असती. मला त्या पहिल्या माणसाचा राग आला, खूप आला. पण त्याच्या कागदावर सही माझीही होती.

दुसऱ्या आठवड्यात, संक्रांत झाल्यावर, मी खरी तपासणी करून घेतली. तिला अडीच तास लागले, म्हणून ती कशी झाली ते सविस्तर सांगते. मिस्त्रीनं आधी सगळ्या भट्ट्या बंद करायला लावल्या, लाइनला प्रेशर गेज जोडला, गॅस सोडून मुख्य कॉक बंद केला आणि काटा कुठं आहे तिथं खडूनं खूण केली. मग स्टूल ओढून बसला. पंधरा-वीस मिनिटं नुसता बसला. काटा खाली आला तर कुठंतरी गळती आहे, मग ती डोळ्याला दिसो न दिसो. आमचा काटा किंचित उतरला. त्यानंतर वाटीत साबणाचा फेस करून त्यानं ब्रशनं प्रत्येक जोडाला लावला. टाकीच्या तोंडापासून रेग्युलेटर, पिगटेल (टाकी पाइपला जोडणारी छोटी नळी), पाइपचे सगळे सांधे, कॉक, नळ्या, नॉब. शेंगदाण्याच्या कढईच्या नॉबपाशी बारीक बुडबुडे आले. काडी ओढून गळती शोधणारे लोक मी अजूनही बघते. कृपा करून असं करू नका. साबणाचं पाणी फुकट आहे.

मग त्यानं प्रत्येक नळीवर छापलेली तारीख वाचून दाखवली. घरगुती सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते, पण तापलेल्या भट्टीजवळ, पिठात आणि तेलात राहणाऱ्या नळीला इतकं आयुष्य मी देत नाही. आता दोन वर्षं झाली की बदलते, आणि बदललेल्या दिवसाची चिठ्ठी नळीलाच बांधते. उंदरांचा विषयही त्यानंच काढला. पिठाच्या जागेत उंदीर येणारच, आणि ते रबर कुरतडतात. त्यामुळे भिंतीलगतची सगळी लाइन आता लोखंडी पाइपची आहे, रबर फक्त शेवटच्या हातभर जागेत.

टाक्यांच्या बाबतीतही मी बरंच शिकले. टाकीच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे शेवटचे तीन महिने. ती त्या टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. मुदत उलटलेली टाकी गाडीवरून उतरवूनच घ्यायची नाही. आता टाकी आली की मावशी आधी अक्षर बघतात. सील आहे का, आतला रबराचा वायसर जागेवर आहे का, हेही गाडीवाल्यासमोरच.

साठा किती ठेवायचा यालाही मर्यादा आहे. १०० किलोपर्यंत एलपीजी टाक्यांत ठेवायला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. तो देणाऱ्या केंद्रीय खात्याचं, म्हणजे पेसोचं, मुख्य कार्यालय आपल्या नागपूरलाच आहे. व्यावसायिक टाकी १९ किलोची, म्हणजे पाच टाक्यांचे ९५ किलो होतात आणि सहावी आली की ११४. संक्रांतीच्या आधी सहावी-सातवी आणून ठेवायचा मोह मलाही झालाय. आता पाचावर थांबते आणि गाडी दोनदा बोलावते. घरची १४.२ किलोची लाल टाकी व्यवसायाला लावणं तर कायद्यानं बंदच आहे. ते स्वस्त पडतं हे मला कळतं, पण त्यात अपघात झाला तर विमा मिळेल या आशेवर राहू नका, आणि तेवढ्यासाठी दहा बायकांचा जीव टांगणीला लावू नका.

थंडीतल्या पहाटे तिन्ही भट्ट्या जोरात चालल्या की टाकीला घाम सुटतो, खालच्या अंगाला बर्फासारखा थर धरतो आणि आच मंदावते. मग कुणी टाकीवर गरम पाणी ओततं, कुणी टाकी आडवी करतं. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रवच नळीत येतो, आणि मग भट्टीची ज्योत कुठवर जाईल याचा नेम नाही. त्याला उपाय एकच, दोन टाक्या एकत्र जोडून दोन्हीतून गॅस घ्यायचा. आमच्याकडे आता तसं आहे. उन्हाळ्यात उलट. सोलापूरचं ऊन ४३-४४ अंशांवर गेलं की टाकीतला दाबही वाढतो, म्हणून कपाटावर पत्र्याऐवजी गवताचं छप्पर घालायचं माझ्या मनात होतं. मिस्त्रीनं मला थांबवलं, गवत पेटतं. आता सिमेंटच्या पत्र्याचं उंच छप्पर आहे, चारी बाजूंनी जाळी आणि खाली वारा जायला मोकळी जागा. टाक्यांजवळच्या गटाराच्या तोंडाला पाण्याची सील असलेलं नवं झाकण बसवलं.

आता लसणाबद्दल. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं रसायन घालतात, त्याचा तो कुजक्या कोबीसारखा, लसणासारखा वास. आणि आम्ही दिवसभर काय करतो? चटणीसाठी लसूण कुटतो. दुपारी अकरानंतर आमच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या बाईला गॅसचा वास वेगळा ओळखता येईल, यावर माझा विश्वास नाही. शिवाय सतत एकच वास घेतला की नाकाला तो कळेनासा होतो. म्हणून आमच्याकडे पहिली तपासणी नाकाची आणि ती पहाटेची: जी कुलूप उघडेल तिनं शटर अर्धं उचलून, वाकून, जमिनीजवळचा वास घ्यायचा. मगच दिवा. बाकीच्या वेळेसाठी भिंतीवर अलार्म लावलाय. तो लावणारा मुलगा छताजवळ ड्रिल करायला निघाला होता, कारण धुराचा अलार्म वर लावतात. मी त्याला जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायला सांगितलं. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका असतो, त्याचा अलार्म वर हवा. टाकीच्या गॅसचा खालीच हवा. तुमच्याकडे अलार्म असेल तर आजच जाऊन बघा, तो कुठल्या उंचीवर आहे.

ज्योतीचं असंच. पिठाचे कण बर्नरच्या भोकांत बसतात, भोकं बुजतात आणि निळी ज्योत पिवळी व्हायला लागते. तव्याची पाठ काळी पडते. आम्ही ते काळं घासत बसायचो. पण पिवळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही, आणि तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत बायका दारं लावून भाकऱ्या भाजायच्या आणि नऊ वाजेपर्यंत दोघी-तिघींचं डोकं दुखायचं. आम्ही म्हणायचो, उपाशीपोटी काम करताय म्हणून. त्यातल्या एकीला तर मी रागावले होते, रोज रोज कसं डोकं दुखतं म्हणून. आता दर शनिवारी बर्नर काढून तारेच्या ब्रशनं साफ होतात, वर एक्झॉस्ट पंखा आहे, खाली भिंतीला दोन जाळ्या आहेत, आणि कितीही थंडी असली तरी त्या जाळ्यांवर पोतं टाकायचं नाही. डोकेदुखी थांबली. तिची मी माफी मागितली.

आगीच्या साधनांची कागदपत्रं हा वेगळा विषय आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली आगीची साधनं चालू स्थितीत आहेत असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र त्यात दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की आमच्या सिलिंडरची, म्हणजे लाल आगनिरोधकाची, पिन कशी काढायची हे दहापैकी एकीलाही येत नव्हतं. मुदत संपलेला एक होताच. तो घेऊन आम्ही मागच्या अंगणात गेलो, जुन्या पत्र्याच्या डब्यात चिंध्या पेटवल्या आणि एकेकीला दोन-दोन सेकंद मारायला लावलं. पदर खोचून, वाऱ्याकडे पाठ करून, ज्योतीच्या बुडाशी. सहा किलोचा निरोधक वाटतो तितका वेळ चालत नाही, फार तर वीस सेकंद. त्यामुळे उगाच लांबून मारायचा नाही. आणि गॅसचीच ज्योत असेल तर आधी कॉक बंद. कॉक बंद करता येत नसेल तर ज्योत विझवायची नाही, लांब पळायचं आणि १०१ ला फोन करायचा. विझलेल्या ज्योतीतून न जळलेला गॅस पसरतो, आणि तो जास्त घातकी.

रात्रीचा क्रमही आता ठरलेला आहे. आधी बाहेरचा कॉक बंद, मग आतल्या भट्ट्या आपोआप विझू द्यायच्या, म्हणजे नळ्यांतला गॅस जळून जातो. शेवटी नॉब. कॉकच्या दांड्याला आम्ही लाल चिंधी बांधलीय. कॉक आडवा केला की चिंधी सोडून किल्लीच्या जुडग्याला बांधायची. किल्लीला चिंधी नसेल तर मावशी जुडगं हातात घेत नाहीत.

खड्डा मुरूम टाकून, ठोकून, वर काँक्रीट करून बुजवला. मालकांचे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत, काठी टेकत बघायला आले. मला वाटलं आपल्या घराची फरशी फोडली म्हणून रागावतील. ते कडेला उकिडवे बसले, आत बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इथं मी बारा वर्षाचा असल्यापासून बसलो. उजवा पाय इथं, डावा तिथं." मुरूम टाकताना पहिली पाटी त्यांनी स्वतः ओतली. जाताना त्यांनी सांगितलं, शेजारच्या दोन्ही शेडमध्येही असे खड्डे आहेत. एकात केटरिंगवाले आहेत, दुसऱ्यात फरसाणची भट्टी.

दोघांकडेही मी गेले. केटरिंगवाल्या दादांनी दुसऱ्याच दिवशी फरशी उचलली. फरसाणवाले अजून म्हणतात, दिवाळीनंतर बघू. मी दर आठवड्याला विचारते. मिस्त्री पुढच्या रविवारी माझ्याकडे परत येतोय, गेज घेऊन. त्याचा निम्मा दिवस रिकामा आहे. गल्लीतल्या ज्यांना आपली लाइन तपासून घ्यायची असेल त्यांनी शनिवारपर्यंत मला सांगा, खर्च वाटून घेऊ. तो येण्याआधी भट्टीमागची पोती तेवढी हलवून ठेवा, त्याला वाकून बघायला जागा लागते.